मूषिकविष, ग्रंथिज्वर आणि जुनीं दप्तरें

१

जुन्या कागदांचा आणि उंदरांचा संबंध मंडळाच्या सभासदांस नव्यानें सांगावयास नको. कुरतडलेल्या कडा, मधोमध भोंक पडलेलीं बाडें, लेंड्यांनीं भरलेले रुमाल हीं ज्यानें पाहिलीं नाहींत असा संग्राहक विरळा. तथापि उंदीर कागदांचें काय करतो याचा विचार आपण जितका केला आहे, तितका तो कागद हाताळणाऱ्या मनुष्याचें काय करतो याचा केलेला नाहीं. प्रस्तुत लेखाचे हेतु दोन. शहरांतील मोकळ्या उंदरांपासून मनुष्यास जडणाऱ्या जंतुजन्य रोगांविषयीं आपल्या जुन्या ग्रंथांत व इतिहाससाधनांत काय आढळतें आणि त्यावरून काय सिद्ध होतें व काय होत नाहीं, हें पाहणें हा पहिला. दप्तरें शोधणाऱ्यांनीं त्यांतून स्वतःपुरता कोणता बोध घ्यावा, हें सांगणें हा दुसरा.

हा विषय हातीं घेण्यास एक प्रसंग कारण झाला. ता. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीला महापूर येऊन चिपळूण व आसपासचा भाग पाण्याखालीं गेला. त्या भागांतील एका घराण्याचें दप्तर वाड्याच्या खालच्या कोठींत असल्याचें मला ठाऊक होतें. पाणी ओसरतांच मीं माझ्या एका माजी विद्यार्थ्यास कळविलें कीं, इतर कांहीं राहूं दे, आधीं बस्ते वर काढ. तो आज्ञाधारक मुलगा. टांचेला भेग पडलेली असतांहि दोन दिवस अनवाणी त्या चिखलांत वावरला आणि जेवढे रुमाल हातीं लागले तेवढे त्यानें माडीवर नेऊन ठेवले. दहाव्या दिवशीं त्यास थंडी वाजून ताप भरला. डोकें ठणकूं लागलें व पोटऱ्या इतक्या दुखूं लागल्या कीं पाऊल टाकवेना. पावसाळी ताप समजून तो तीन दिवस घरींच राहिला. चौथ्या दिवशीं डोळे लाल झाले, मागाहून पिवळे दिसूं लागले, लघवी उणावली. तेव्हां त्यास शहरांत हलविलें. रक्त तपासतां तो लेप्टोस्पायरा नामक जंतूचा ताप ठरला. ईश्वरकृपेनें व वैद्यांच्या तत्परतेनें तो वांचला. परंतु जन्मभर संस्कृत शिकविलेल्या, सुश्रुताचा मूषिककल्प एकाहून अधिक वेळां वाचलेल्या ह्या मास्तरास त्याला चिखलांत पाठवितांना त्यांतील एक अक्षरहि आठवलें नाहीं. हा लेख त्या विस्मृतीचें अल्पसें प्रायश्चित्त आहे.

२

प्रथम शब्द पाहूं. मूषक, मूषिक हीं नांवें मुष् म्हणजे चोरणें ह्या धातूपासून आलेलीं आहेत. उंदीर हा चोर, हीच आपल्या पूर्वजांची त्याच्याविषयींची मूळ कल्पना. मराठी उंदीर हा संस्कृत उन्दुर शब्दाचा वंशज होय. शहरांतून आज जे मुख्य प्रकार आढळतात ते असे: आढ्यावर, माळ्यावर राहणारा सडपातळ, लांब शेपटीचा काळा घरउंदीर, गटारांत व बंदराच्या आसपास राहणारा अंगानें थोराड तपकिरी उंदीर, आणि जमीन पोखरणाऱ्या लहान व थोर अशा दोन जातींच्या घुशी. इंग्रजींत घुशीस बँडिकूट म्हणतात तो शब्द तेलुगूंतील पंदिकोक्कु, म्हणजे डुक्करउंदीर, ह्याचें रूपांतर होय. चिचुंदरी मात्र दिसण्यांत उंदरासारखी असली तरी प्राणिशास्त्राप्रमाणें उंदरांच्या कुळांतील नव्हे. ती किडे खाणारी वेगळी जात आहे. हें येथें मुद्दाम सांगण्याचें कारण पुढें दिसेल.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांतील सातवा अध्याय मूषिककल्प ह्या नांवाचा आहे. त्यांत लालन, पुत्रक, कृष्ण, चिक्किर, कपिल, कोकिल, अरुण इत्यादि नांवांनीं उंदरांचे अठरा प्रकार सांगून प्रत्येकाच्या विषाचीं लक्षणें व उपचार निरनिराळे दिले आहेत. छुच्छुन्दर, म्हणजे आपली चिचुंदरी, हिची गणना ह्या अठरांतच केली आहे. अर्थात् हें वर्गीकरण शरीररचनेवरून नसून घरांत आढळणाऱ्या, चावणाऱ्या लहान प्राण्यांच्या व्यवहारावरून केलेलें आहे, हें उघड आहे. अठरा नांवांस अठरा आधुनिक जाति जुळविण्याचा खटाटोप निष्फळ होय.

महत्त्वाचा भाग पुढें आहे. उंदराचें विष त्याच्या शुक्रांत असतें, तें अंगावर पडल्यानें किंवा तें ज्यास लागलें आहे अशा नखादंतादिकांचा स्पर्श झाल्यानें रक्त दूषित होतें, असें सुश्रुत सांगतो. वाग्भटानेंहि अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत अडतिसाव्या अध्यायीं पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाबरोबर उंदराच्या विषाचें निरूपण केलें आहे. लक्षणें येणेंप्रमाणें: गांठी येणें, सूज, अंगावर मंडलें व पुटकुळ्या, सांधे फुटल्यासारखे दुखणें, तीव्र वेदना, ज्वर, मूर्च्छा, अशक्तता, अन्नद्वेष, दमा, वांती व रोमांच. त्यावर आणखी एक मार्मिक निरीक्षण असें कीं, शरीरांतून पुरतें न काढलेलें मूषिकविष आभाळ भरून आलें असतां पुनः उसळतें. म्हणजे हा रोग एकदां बरा झाल्यासारखा दिसून पुनः उलटतो, हें त्या वैद्यांनीं पाहिलें होतें.

३

आतां आधुनिक शास्त्र काय सांगतें तें पाहूं. उंदराच्या चाव्यानें येणारा ताप दोन भिन्न जंतूंपासून होतो. एक जंतु मणी ओंवल्यासारखा साखळीनें वाढणारा. त्याच्या योगें थोड्याच दिवसांत ताप, अंगावर पुरळ आणि सांध्यांस सूज व वेदना हीं लक्षणें होतात. तो दुधांतून किंवा अन्नांतूनहि पोटांत जातो, इ. स. १९२६ मध्यें अमेरिकेंतील हेवरहिल गांवीं त्याची अशी सांथ झाली, म्हणून त्या प्रकारास हेवरहिल ज्वर म्हणतात. दुसरा जंतु मळसूत्राकार, अत्यंत लहान. ह्याच्या प्रकारांत चाव्याची जखम आधीं भरून येते. एक ते तीन आठवड्यांनीं तीच जागा पुनः सुजते, जवळच्या गांठी फुगतात, अंगावर तांबूस-जांभळीं मंडलें उठतात, आणि ताप कांहीं दिवस राहून उतरतो व कांहीं दिवसांनीं पुनः चढतो. असें महिनोन्‌महिने चालूं शकतें.

ह्या दुसऱ्या जंतूचा इतिहास आपल्या मुंबईशीं निगडित आहे. इ. स. १८८७ च्या सुमारास हेन्री व्हॅन्डाइक कार्टर ह्या डॉक्टरास मुंबईंतील एका उंदराच्या रक्तांत हे मळसूत्राकार सूक्ष्म जीव दिसले व त्यांचें वर्णन त्यानें प्रसिद्ध केलें. हा कार्टर म्हणजे ग्रे ह्याच्या सुप्रसिद्ध शारीरग्रंथाचीं चित्रें काढणारा तोच. पुढें त्याचें आयुष्य मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजांत गेलें. परंतु हा जीव मनुष्यास रोग करतो हें त्यास ठाऊक नव्हतें. तें इ. स. १९१६ च्या सुमारास जपानी संशोधकांनीं सिद्ध केलें. जपानांत ह्या रोगास पूर्वापार सोडोकु म्हणत आले आहेत. ह्या शब्दाचा अर्थ काय, तर उंदराचें विष! मूषिकविष आणि सोडोकु हीं दोन नांवें अक्षरशः एकच आहेत.

तेव्हां सुश्रुतानें वर्णिलेला रोग म्हणजे हाच, असें म्हणावें काय? मला वाटतें, अर्धें म्हणावें. चाव्याचा किंवा नखाचा संबंध, गांठी, मंडलें, सांधेदुखी, उलटणारा ज्वर, हा समुच्चय योगायोगानें जमण्यासारखा नाहीं. परंतु सांधेदुखी एका जंतूची व उलटणारा ज्वर मुख्यत्वें दुसऱ्याचा. सुश्रुताच्या यादींत दोहोंचीं, आणि कदाचित् आणखीहि कांहीं रोगांचीं लक्षणें एकत्र झालीं आहेत. विष शुक्रांत असतें हें मतहि आज मान्य होणार नाहीं. मात्र उंदीर न चावतांहि त्याच्या शरीरांतून बाहेर पडलेल्या द्रवाच्या स्पर्शानें मनुष्य आजारी पडतो, ही त्यामागील मूळ कल्पना किती सत्य आहे, हें लेप्टोस्पायराच्या प्रकरणीं दिसेल. प्राचीनांस सर्व ठाऊक होतें असें म्हणणें जितकें चुकीचें, तितकेंच त्यांनीं डोळे मिटून लिहिलें असें समजणेंहि चुकीचें आहे.

४

उंदरांच्या रोगांत इतिहासाच्या दृष्टीनें सर्वांत मोठा तो प्लेग. इ. स. १८९६ मध्यें तो मुंबईंत आला तेव्हां अनेक वैद्यांनीं त्यास सुश्रुतोक्त अग्निरोहिणी ठरविलें. सुश्रुताच्या निदानस्थानांत क्षुद्ररोगांत काखेच्या भागीं येणारे, आगीसारखे जाळणारे, ज्वरयुक्त व सात, दहा किंवा पंधरा दिवसांत प्राण घेणारे फोड वर्णिले आहेत, ते हे. साम्य आहे खरें. परंतु त्या वर्णनांत उंदराचें नांव नाहीं व सांथीचीहि गोष्ट नाहीं. उलट मूषिककल्पांत उंदीर आहे, पण सामुदायिक मरण नाहीं. चरकाच्या विमानस्थानांत जनपदोद्ध्वंसाचा अध्याय आहे, तेथें सामुदायिक मरण आहे, पण ना गांठ, ना उंदीर. तीन ग्रंथांतील तीन तुकडे जोडून प्राचीन भारतांत प्लेग होता असें अनुमान काढणें म्हणजे तीन निरनिराळ्या पत्रांचे फाटलेले अर्ध चिकटवून एक नवें पत्र बनविण्यासारखें आहे. असें काम आपल्यापैकीं कोणी मोडी कागदांत केलें, तर सभेंत त्याची काय गति होईल हें सांगावयास नको.

ह्याच जातीचें दुसरें एक विधान प्लेगवरील अनेक लेखांतून फिरतें. घरांत उंदीर पडून मरूं लागले म्हणजे घर सोडावें असें भागवतांत सांगितलें आहे, असें तें विधान. माझ्या पाहण्यांत जेथें जेथें तें आलें, तेथें स्कंध, अध्याय व श्लोक ह्यांचा अंक दिलेला नव्हता. अंकाविना केलेला हवाला हा हवाला नव्हे. ह्याच आशयाची गोष्ट जेथें निश्चित सांपडते तो ग्रंथ फारसी आहे. जहांगीर बादशहाच्या कारकीर्दींत पंजाबांत जी सांथ झाली, तिच्या संबंधें मोतमदखानानें इकबालनाम्यांत लिहिलें आहे कीं, रोग उद्भवण्यापूर्वीं उंदीर वेड्यासारखा बिळांतून बाहेर येई व दारांभिंतींवर आपटून मरे. तें पाहतांच घर सोडून रानांत गेलेले वांचत, न गेलेले मरत.

खुद्द जहांगीरानें आपल्या आत्मवृत्तांत आग्र्याच्या सांथीविषयीं, इ. स. १६१८-१९ च्या हिंवाळ्यांतील, एक हकीकत दिली आहे. ती आसफखानाच्या मुलीनें त्यास सांगितली. घराच्या अंगणांत एक उंदीर मद्यप्याप्रमाणें पडत-उठत चालला होता. दासीनें त्यास शेपटीनें धरून मांजरापुढें टाकलें. मांजरानें झडप घातली, पण लगेच सोडून दिलें. पुढें तें मांजर आजारी पडलें. मग एका दासीस गांठ येऊन ती मेली, आणि आठ-नऊ दिवसांत त्या घरांतील सतरा माणसें गेलीं. ही सांथ थंडींत वाढून उन्हाळ्याच्या आरंभीं शमते, हेंहि बादशहानें टिपून ठेवलें आहे. येथें उंदीर, गांठ, घरांतील मृत्यूंची मालिका आणि ऋतु हीं चारहि एकत्र आहेत. असा पुरावा असला म्हणजे तो प्लेग होता असें निःशंक म्हणतां येतें.

महाराष्ट्राच्या इतिहासास याहून निकटचें उदाहरण विजापूरचें. इ. स. १६८८, शके १६१०, मध्यें औरंगजेबाची छावणी तेथें असतां मोठी सांथ झाली. बादशहाची स्त्री औरंगाबादीमहल तींत मरण पावली. कानामागें, काखेंत व जांघेंत सूज येई असें खाफीखान लिहितो. त्या वर्षाच्या अखेरीस छावणी विजापुराहून हलली, आणि पुढें फेब्रुवारी १६८९ मध्यें संभाजी महाराज पकडले गेले. त्या महिन्यांच्या हालचालींचा विचार करतांना ही सांथ बाजूस ठेवून चालणार नाहीं.

५

मुंबईच्या सांथीचा वृत्तांत सर्वश्रुत आहे. म्हणून मुद्याचें तेवढेंच सांगतों. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगश ह्या गोमंतकीय वैद्यानें तो रोग ओळखला. मांडवी हा बंदरालगतचा, धान्याच्या वखारींचा भाग. उंदरांचें तें माहेरघर. जानेवारी १८९७ मध्यें हाफकिनानें आपली लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. त्याच सालीं सांथरोगांचा कायदा झाला, १० मार्चास सावित्रीबाई फुले पुण्यास रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्याच रोगानें वारल्या, आणि २२ जूनच्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली.

ह्या सर्व काळांत सरकारच्या अधिकाऱ्यांस रोगाचा जंतु ठाऊक होता, कारण यर्सिननें तो इ. स. १८९४ मध्येंच हाँगकाँग येथें शोधिला होता. परंतु तो घरांत शिरतो कसा हें ठाऊक नव्हतें. घाण, हवा, जमीन व वस्तु ह्यांवर संशय होता. म्हणून गटारें औषधी पाण्यानें धुतलीं, कौलें उतरविलीं, जमिनी उकरल्या, भिंतींस चुना दिला आणि सामान जाळलें. गटारें धुतल्यानें त्यांतील उंदीर घरांत घुसून रोग अधिकच पसरला असें मागाहून अनेकांनीं म्हटलें आहे.

खरी वाट पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच वैद्यानें इ. स. १८९८ मध्यें कराचीस प्रयोग करून दाखविली. आजारी उंदराच्या अंगावरील पिसवा हेंच रोगाचें वाहन, असें त्यानें सांगितलें. बरींच वर्षें त्याचें म्हणणें कोणीं मनावर घेतलें नाहीं. इ. स. १९०५ पासून मुंबईस परळ येथें काम करणाऱ्या संशोधक मंडळीनें तें सिद्ध केलें. प्लेगच्या घरांत ठेवलेल्या प्राण्यांपैकीं ज्यांस पिसवांपासून बारीक जाळीनें वांचविलें होतें ते जगले, उघडे ठेवलेले मेले. आधीं गटारांतील तपकिरी उंदीर मरतात, मग घरांतील काळे, मग माणसें, असा क्रमहि त्यांनीं दाखविला. पुढें इ. स. १९१४ मध्यें बेकट व मार्टिन ह्यांनीं पिसवेच्या पोटाच्या तोंडाशीं जंतूंचा बोळा बसतो, भुकेली पिसू पुनः पुनः चावते व प्रत्येक वेळीं जंतु जखमेंत ओकते, हें स्पष्ट केलें. उंदीर मेला, त्याचें अंग थंड झालें, कीं पिसवा त्यास सोडून दुसरें ऊन शरीर शोधतात; इकबालनाम्यांतील घर सोडण्याच्या रीतीचें रहस्य तें हेंच. गांवें सोडून माळावर झोपड्यांत राहणारे आपले आजे-पणजे शास्त्रदृष्ट्याहि योग्य तेंच करीत होते.

आपल्या दृष्टीनें ह्या कथेंत एक दुःखाची गोष्ट आहे. जाळलेल्या त्या सामानांत, उतरविलेल्या त्या माळ्यांवर, कागदहि असलेच पाहिजेत. अमुक घराण्याचें दप्तर प्लेगांत गेलें, असें जें आपण ठिकठिकाणीं ऐकतों, तें नेहमींच सबब नसतें. आणि आज समजतें कीं रोग कागदांत नव्हताच. तो उंदराच्या अंगावरील पिसवांत होता.

हिंदुस्थानांत ह्या सांथीनें पुढील कांहीं दशकांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. तो रोग पुराणांतला झाला असें समजूं नये. ऑगस्ट १९९४ मध्यें बीड जिल्ह्यांत मामला येथें गांठीचा प्लेग आढळला व सप्टेंबरांत सुरतेस फुप्फुसाच्या प्लेगनें हाहाकार उडविला. सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सोडलेल्या घरांत साठविलेल्या धान्यावर उंदीर माजले, हें बीडकडील उद्भवाचें एक कारण सांगितलें जातें. आतां त्यावर रामबाण औषधें आहेत; मात्र तीं आरंभींच मिळालीं पाहिजेत.

६

येथें संशोधकांस एक सूचना करावीशी वाटते. मोडी कागदांत मरी, महामारी, जरीमरी असे शब्द आले कीं कित्येक संपादक तळटीपेंत प्लेग असें लिहून मोकळे होतात. मरी ह्या शब्दाचा अर्थ केवळ मारणारी सांथ; बहुधा तो पटकीस लावलेला असतो. प्लेग म्हणावयाचें तर निदान गांठीचा उल्लेख पाहिजे. उंदीर पडल्याचा उल्लेख असल्यास सोन्याहून पिवळें. महिनाहि पाहावा. मुंबईंत प्लेगचा जोर बहुधा पौषापासून चैत्रापर्यंत असे, पटकीचा व चिखलांतल्या तापाचा पावसाळ्यांत. पुरानंतर भाद्रपद-आश्विनांत ताप व कावीळ होऊन माणसें गेल्याचा उल्लेख आढळला, तर पुढील कलमांत सांगितलेल्या रोगाची शंका घेण्यास जागा आहे. निर्णय मात्र देऊं नये. असे उल्लेख ज्यांस सांपडतील त्यांनीं ते मूळ शब्दांत, तिथीसह टिपून ठेवावे. आपले शब्द त्यांत घालूं नयेत.

७

आतां ज्या रोगानें माझा विद्यार्थी पछाडला त्याविषयीं. इ. स. १८८६ मध्यें जर्मनींत हायडेलबर्ग येथील आडोल्फ वाइल ह्यानें कावीळ, ताप व मूत्रपिंडाचा विकार एकत्र असलेला एक रोग वर्णिला. त्याचा जंतु इ. स. १९१५ च्या सुमारास इनाडा व इडो ह्या जपानी वैद्यांनीं शोधिला, व लवकरच उंदीर त्याचा वाहक आहे हेंहि दाखविलें. हा जंतु आंकड्यासारखा टोंकाशीं वळलेला, केसाहून पुष्कळच बारीक. तो उंदराच्या मूत्रपिंडांत जन्मभर राहतो आणि उंदरास कांहींच होत नाहीं. मात्र त्याच्या लघवींतून तो सतत बाहेर पडतो. ओल्या मातींत व सांचलेल्या पाण्यांत तो आठवडेच काय, कधीं महिनेहि जगतो; सुकलें कीं मरतो. मनुष्याच्या कातडीवरील भेग, खरचटलेली जागा, डोळे, नाक किंवा तोंड ह्यांतून तो शिरतो. चाव्याची गरजच नाहीं. सुश्रुतानें शुक्र म्हटलें तेथें मूत्र म्हणावें, एवढाच काय तो फरक. अर्थात् सुश्रुतास हाच रोग अभिप्रेत होता असें माझें म्हणणें नाहीं.

पाणी शिरल्यापासून बहुधा पांच ते चौदा दिवसांत, क्वचित् महिन्यानेंहि, ताप येतो. डोकेंदुखी, पोटऱ्या व कंबर ह्यांची विलक्षण दुखी आणि पू नसतां डोळ्यांस आलेली लाली ह्या मुख्य खुणा. बहुतेक रोगी बरे होतात; कांहींस कावीळ, मूत्रपिंड बंद पडणें किंवा फुप्फुसांत रक्तस्राव होऊन मृत्यु येतो. ता. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर ह्या रोगाची जी सांथ झाली तिची आठवण अनेकांस असेल. गटारें तुंबतात, उंदरांचीं बिळें बुडतात, त्यांचें मूत्र पाण्यांत मिसळतें व त्याच पाण्यांतून लक्षावधि माणसें घरीं चालत जातात. शहरांत हा रोग पसरण्याची रीति एवढीच आहे. ह्यांखेरीज अन्न नासवून हगवण लावणारे जंतुहि उंदीर पसरवितात. त्यांचा विस्तार येथें नको.

८

शेवटीं व्यवहाराचें. जुन्या वाड्यांत दप्तर बहुधा धान्याच्या कोठीजवळ किंवा माळ्यावर असतें. आणि कागदास खळ लावलेली असल्यानें तेंहि उंदरास अन्नच. म्हणून संग्रहाच्या खोलींत धान्य, नैवेद्य, फराळ, कांहींहि ठेवूं नये. भिंतींतील भोकें दगडचुन्यानें बुजवावीं. लेंड्या दिसल्यास कोरडा झाडू मारूं नये, धूळ नाकातोंडांत जाते. जमीन पाण्यांत कालविलेल्या ब्लीचिंग पावडरीनें भिजवून, कांहीं वेळानें फडक्यानें टिपून घ्यावी. कागदावर मात्र त्या पाण्याचा थेंबहि पडूं देऊं नये. रुमाल सोडतांना हातमोजे व तोंडावर फडकें असावें. पान उलटण्यास बोटाला थुंकी लावण्याची संवय तर सर्वथैव टाकावी. ती कागदासहि घातक व आपल्यासहि. मेलेला उंदीर उघड्या हातानें उचलूं नये, आणि एकाएकीं बरेच उंदीर मेलेले आढळले तर नगरपालिकेस कळवावें.

पुरांत भिजलेलें दप्तर काढावयाचें असेल तर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून, जखमा झांकूनच पाण्यांत उतरावें. मागाहून साबणानें हातपाय धुवावे. ओले कागद उन्हांत नव्हे, तर सावलींत वाऱ्यावर सुकवावे. पुरते सुकले म्हणजे ह्या जंतूचें भय उरत नाहीं. अशा पाण्यांत वावरणें अटळच असेल तर आधीं वैद्यास विचारावें. प्रतिबंधक गोळ्या देतात. आणि महिन्याभरांत ताप आला, तर मी पुराच्या पाण्यांत उतरलों होतों, उंदरांच्या खोलींत काम केलें होतें, हें वैद्यास आपण होऊन सांगावें. माझ्या विद्यार्थ्यानें तें पहिल्या दिवशीं सांगितलें असतें तर चार दिवस वांचले असते. आणि त्यास तें सांगावयास मीं शिकविलें असतें, तर तेंहि झालें असतें.

त्यानें वर काढलेल्या रुमालांतील कागद आतां सुकून लागले आहेत. त्यांत गेल्या शतकापूर्वींचे जमाखर्च व कांहीं वतनाचे कागद आहेत. त्यांची यादी तो स्वतःच करीत आहे, हातमोजे घालून. कागद मोलाचे खरे, परंतु ते वाचणारा मनुष्य त्यांहून दुर्मिळ आहे, हें आम्हां वडील मंडळींनीं तरी विसरूं नये.